आवाज आला की बोट वर करा

सॅकचा पट्टा तुटला तो नेमका तिच्या दिवशी, त्यामुळे शिंपी शोधायचं कामही तिच्याच गळ्यात आलं.

त्यांचा नियमच होता तसा. एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा. ज्याचा दिवस असेल त्याने ठरवायचं, कुठे जायचं, कुठे उतरायचं, काय खायचं, कुठल्या लॉजात पथारी टाकायची. दुसऱ्याने पाण्याची बाटली सांभाळायची आणि मुकाट मागून चालायचं. ‘का’ विचारायचं नाही आणि ‘किती वेळ’ तर त्याहून नाही. घरी त्यांची झाडून सगळी भांडणं या दोन प्रश्नांपासून सुरू व्हायची, म्हणून ते दोन प्रश्न घरीच ठेवून निघायचं ठरलं होतं. नियम छान चालला होता. या उष्ण, दमट, हिरव्यागार परक्या देशात पाठीवर सॅक टाकून ते गावामागून गाव हिंडत होते आणि भांडण म्हणून झालं नव्हतं. बोलणंही फारसं झालं नव्हतं, पण त्याला नियम जबाबदार नव्हता. ते आधीपासूनचंच.

नवऱ्याने एका संध्याकाळी, पडदे बदलू या का असं विचारावं तशा आवाजात तिला विचारलं होतं, “आपण थोडे दिवस वेगळं राहून बघायचं का?” तिला रडू आलं नाही की राग आला नाही. भूल दिलेल्या दाढेसारखं सगळं जागच्या जागी होतं आणि काहीच लागत नव्हतं. ती म्हणाली, “आधी एकदा फिरून येऊ. मग तू म्हणशील तसं.” सासूबाईंनी “या वयात पाठीला पोती बांधून कसलं फिरणं” म्हणून नाक मुरडलं, आणि ते निघाले. परतीच्या विमानात शेजारच्या खुर्चीवर तो बसलेला असावा, एवढीच तिची इच्छा होती. का असावा, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. बाकीच्या इच्छा केव्हाच विझल्या होत्या, ही एक धुगधुगी तेवढी राहिली होती.

शिंप्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. पायाचं मशीन, खिळ्याला टांगलेली अर्धवट शिवलेली पँट, खडूचे तुकडे, तेलाचा वास. शिंप्याने पट्टा दुमडून सुईखाली धरला. नवरा बाहेर फळीवर बसून पाणी पीत होता. मशीन खडखडत होतं आणि मध्येच थांबलं. दोरा तुटला असेल असं तिला वाटलं. पण शिंप्याने उजव्या हाताचं पहिलं बोट कापडावरून उचललं, फार नाही, पेरभर. क्षणभर ते तसंच राहिलं. मग खाली आलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या कुणी याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण तिचा धंदाच बोटांचा होता. शहरातल्या एका इस्पितळात ती लोकांचे कान तपासायची. आवाजबंद खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेच्या अलीकडे बसून सांगायचं, “आवाज आला की बोट वर करा, थांबला की खाली.” मग आवाज कमी कमी करत न्यायचा. सगळ्यात बारीक आवाज ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिच्याइतकं पाहिलेलं माणूस सापडणं कठीण. आधी श्वास थांबतो. डोळे उघडे असतात, पण त्यांत कुणी नसतं. मग बोट उठतं, तेही जरा अडखळत. खोटं बोलणाऱ्याचं बोट ताठ उठतं आणि त्याआधी त्याची नजर काचेकडे जाते. शिकाऊ मुलींना ती सांगायची, बोटाकडे बघू नका गं, तोंडाकडे बघा.

शिंप्याचा चेहरा खरा होता.

तिने सहज रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे एक बाई टेबलावर शर्टांना इस्त्री करत होती. तिचंही उचललेलं बोट इस्त्रीच्या मुठीवर खाली येत होतं. माशी बसली असेल, ती स्वतःशी म्हणाली. दोघांनाही एकाच वेळी बसली असेल. जगात इतक्या माश्या आहेत.

पण नंतर तिला ते सगळीकडे दिसायला लागलं. बसमध्ये ड्रायव्हरचं बोट स्टिअरिंगवरून उठलं आणि त्याच वेळी पुढच्या सीटवरच्या म्हातारीचं, दारात उभ्या कंडक्टरचं, कोंबड्यांची टोपली मांडीवर घेतलेल्या माणसाचं. गप्पा अर्ध्यावर थांबल्या आणि लगेच, जिथे थांबल्या होत्या तिथून, पुढे सुरू झाल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. आपण जांभई दिली तर कोण बघतं?

“तुला काही ऐकू आलं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“बसचा खडखडाट. आणि तू.”

“मस्करी नाही रे. हे लोक बोट वर करतात बघ. टेस्टला करतात तसं.”

“डॉक्टर,” तो म्हणाला. ती डॉक्टर नव्हती, पण लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो तिला तेच म्हणायचा, आणि ती त्याला राजे. “डॉक्टर, सुट्टीवर आलोय ना आपण? दुकान बंद ठेवा थोडे दिवस.”

तिने बंद ठेवलं नाही. ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. खूप बारीक शिटीसारखा आवाज असेल तर तो तरुणांना आधी ऐकू यायला हवा, पण इथे तर दात नसलेल्या म्हाताऱ्यांचीही बोटं उठत होती. खूप जाड आवाज असेल, दूरच्या एखाद्या पंपाचा, तर भिंतीला हात लावून तो कळला असता. तिने भिंतींना हात लावून पाहिलं. खोलीतला पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाने निथळत ती कान देऊन बसली. पालीचं चुकचुकणं ऐकू आलं आणि स्वतःचं रक्त. तिचे कान उत्तम होते. दर वर्षी ती ते तपासून घ्यायची.

शेवटी तिने लॉजवालीला विचारलं. चार शब्द त्यांचे, चार आपले, बाकी हातवारे. बोट वर करून दाखवलं आणि भुवया उंचावल्या. हे काय?

लॉजवाली चादरींच्या घड्या घालत होती. तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिचा चेहरा मऊ झाला. तिने हातातली चादर खाली ठेवली, पुढे येऊन हिच्या कानाच्या पाळीला हळूच हात लावला आणि च्‌च्‌ केलं. त्यानंतर ती हिच्याशी मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द तोडून बोलायला लागली. नाऽश्ता. दहाऽला. खाऽली. बहिऱ्या माणसांचे नातेवाईक इस्पितळात असेच बोलतात, आणि तसं ओरडू नये हे ती रोज त्यांना समजावत असे. लॉजवालीचं पाहून लॉजवालाही हिच्याशी तसाच बोलू लागला. रस्त्यावरचा फळवालाही. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. नवऱ्याशी मात्र सगळे साध्या आवाजात बोलत.

त्याचं बोट उठलं ते भर दुपारी. दिवस त्याचा होता. तो गॅलरीत धुतलेले मोजे वाळत घालत होता आणि ती दारातून बघत होती. त्याचे हात दोरीवरच थांबले. श्वास थांबला. चेहऱ्यावरचं सगळं, कपाळाची ती जुनी आठीसुद्धा, पुसून गेलं. मग बोट उठलं, अडखळत.

त्याचा इतका उघडा चेहरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कधीतरी, अगदी सुरुवातीला, तो तिचं बोलणं असा ऐकायचा. तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर, आणि तोही लांबून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. विचारायची सोय नव्हती. दिवस त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

“तुला नाही ऐकू येत?” त्याने खरोखर नवलाने विचारलं. “इतकं स्पष्ट तर आहे.”

“काय म्हणतंय?”

“म्हणत काही नाही गं. नुसतं आहे.” तो शब्द शोधत राहिला. “कुठून येतंय ते कळतं, बस.”

“कुठून?”

त्याने खिडकीतून बोट दाखवलं. तिकडे रस्ता उतरत समुद्राकडे गेला होता.

त्या दिवशी तिने सॅक भरून उलट्या दिशेची बस धरायला हवी होती. दिवस तिचा होता, आणि नियमाप्रमाणे तो मुकाट मागून आला असता. पण घरची त्यांची भांडणं अशीच तर वाढत गेली होती, एकाने विणायचं आणि दुसऱ्याने उसवायचं. त्याने आणलेल्या वाटेवरून त्याला माघारी नेणं तिच्या जिवावर आलं. तिने समजूतदारपणा दाखवला. “आज इथेच आराम करू,” ती म्हणाली. पुढेही आपल्या प्रत्येक दिवशी ती तेच म्हणाली. आणि तो आपल्या प्रत्येक दिवशी त्या आवाजाकडे थोडं पुढे जात राहिला. मोठी बस गेली, छोटी आली. मग टेम्पो, मग पायवाट. गावं लहान होत गेली. बोटं जास्त वेळा उठू लागली आणि जास्त वेळ वर राहू लागली. नवरा तिच्याशी चांगलं वागायला लागला होता. तिची सॅक उचलायचा, पाणी आधी तिला द्यायचा. आजारी माणसाशी वागावं तसं.

एकदा पायवाटेवर तो म्हणाला, “तुझा दोष नाही गं. कुणाला येतं, कुणाला नाही.”

हे वाक्य ती इस्पितळात रोज म्हणायची.

पायवाट पुन्हा एका रस्त्याला लागली आणि तो रस्ता संपला तिथे एक वस्ती होती, पत्र्याच्या घरांची. रस्त्याच्या टोकाला, गाड्या वळवायच्या वर्तुळात एक बस उभी होती. पलीकडे धक्का होता आणि त्याच्या रुंद सिमेंटच्या पायऱ्या खाडीच्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. होडी कुठेच नव्हती. ऊन लखलखीत होतं. पायऱ्यांवर माणसं रांगांनी बसली होती, पाण्याकडे तोंड करून. बायका, पुरुष, कडेवरची मुलं. कुणी बोलत नव्हतं, पण सगळे आरामात दिसत होते, जेवणं झाल्यावर ओट्यावर टेकतात तसे.

वरच्या पायरीशी चपला काढून ठेवल्या होत्या, जोडी जोडीने, नीट. तिने नुसत्या नजरेने अंदाज घेतला. चपला माणसांपेक्षा पुष्कळ जास्त होत्या.

नवऱ्याने सॅक खाली ठेवली. बुटांच्या नाड्या सोडल्या.

“तू जा परत,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता. “तिकिटं तुझ्याच सॅकमध्ये आहेत. आईला सांग, मी मजेत आहे.”

“आणि तू?”

“मला इथे बरं वाटतंय. खूप दिवसांनी बरं वाटतंय.”

“किती वेळ बसणार आहेस?” ती म्हणाली. त्याच्या दिवशी तिने विचारलेला हा पहिला ‘किती वेळ’. त्याने नियमाची आठवण करून दिली नाही. तो हसला आणि तिच्या गालाला हात लावून पायऱ्या उतरला. मागच्या रांगेतल्या माणसांनी सरकून त्याला जागा दिली.

ती वर उभी राहिली, दोन सॅकच्या मध्ये. उन्हाने सिमेंट तापलं होतं. खाऱ्या चिखलाचा वास येत होता. बोटं उठली, सगळ्यांची, त्याचंही. खूप वेळ वर राहिली. खाली आली. आणि सगळ्या रांगा उठून एकेक पायरी खाली सरकल्या आणि पुन्हा बसल्या.

सगळ्यात पुढच्या रांगेच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. त्या रांगेत एक म्हातारा होता, त्याने आपली टोपी नीट करून घेतली. त्याच्या पुढे कुणी नव्हतं. नुसतं पाणी होतं.

पुन्हा बोटं उठली. पुन्हा सगळे सरकले.

टोपी तेवढी वर राहिली. मग ती एका बाजूला वाहत गेली. कुणी तिकडे पाहिलं नाही.

तिने नवऱ्याला हाका मारल्या. नावाने मारल्या, राजे म्हणून मारल्या. खाली जाऊन दंडाला धरून ओढलं. तो दगडासारखा जड झाला होता. त्याने तिच्याकडे मान वळवून प्रेमाने पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शेजारच्या बाईनेही ठेवलं. अभ्यासाच्या खोलीत कुणी बडबड केल्यावर ठेवतात तसं.

आणखी दोनदा सरकले. त्याच्या पँटचे पाय भिजले.

तिने विचार केला. आश्चर्य म्हणजे तिला शांतपणे विचार करता आला. ज्याला खरोखर ऐकू येतं, त्याला शांतता खुपत नाही. शांततेत बोट उठतं ते खोट्या माणसाचं. आणि खोटं बोट कसं दिसतं हे तिला माहीत होतं, म्हणजे खरं कसं करायचं तेही.

ती त्याच्या शेजारी बसली. पाणी कोमट होतं.

बोटं उठून खाली आली. सगळे सरकले, तीही सरकली. मग मोठा थांबा पडला. कुणाचंच बोट हलत नव्हतं.

तिने श्वास थांबवला. डोळ्यांतून स्वतःला काढून घेतलं. हे तिला फार जड गेलं नाही, तिथे तशीही ती फारशी नव्हती.

मग बोट उचललं. अडखळत.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

पुढच्या रांगेतले, गळ्यापर्यंत पाण्यात असलेलेसुद्धा वळले. कुणाच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. त्यांना ऐकू आलं नव्हतं आणि हिला आलं होतं, एवढंच त्या चेहऱ्यांवर होतं. तिच्या कानाला हात लावणाऱ्या लॉजवालीचा चेहरा असाच झाला होता, पण आता बिचारे ते होते, ती नव्हती.

“आलं तुला?” नवरा कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले.

“हो.”

“मला नाही आलं गं.”

“येईल.”

“कुठून?”

तिने बोट मागे दाखवलं. धक्क्याच्या वर, रस्त्याकडे, जिथे बस उभी होती.

तो उठला. निमूट उठला, पाण्याबाहेर आला, बूटही न घालता बसकडे चालू लागला. तिला हुंदका फुटला. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी खरोखर लागलं आणि ते इतकं दुखलं की ती मध्येच थांबून गुडघ्यांवर हात ठेवून रडली. मग दोन्ही सॅक ओढत त्याच्या मागे गेली.

तिच्या मागून ओल्या पावलांचा आवाज येत होता. पुष्कळ पावलांचा.

बस भरली. सीट भरल्या, मधली वाट भरली, पायरीवर माणसं उभी राहिली. कुणी ढकलाढकली केली नाही. पायऱ्यांवरूनच उठून आलेला ड्रायव्हर तिच्याकडे पाहून थांबला आणि तिने पुढचा रस्ता दाखवल्यावर बस निघाली. भिजलेल्या कपड्यांचा वास पसरला. तिने टॉवेल काढून नवऱ्याचे पाय पुसले. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेला. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तो असाच झोपला होता. बरोबरच्या लोकांचं काय ते पुढे बघू, तिने ठरवलं. आपापली गावं आली की आपोआप उतरतील. वाटेत गावं आली आणि गेली. शिंप्याचं गावही गेलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि विमानातल्या खिडकीजवळची खुर्ची त्यालाच द्यायची असं ठरवून टाकलं.

संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात बस मोठ्या स्टँडवर येऊन थांबली. इथून विमानतळाची गाडी मिळायची. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“चला राजे, उतरू या.”

तो हलला नाही. तिने वाकून पाहिलं. तो जागा होता.

कुणीच उठलं नव्हतं. मधल्या वाटेत उभी असलेली माणसं तशीच उभी होती. ड्रायव्हर खुर्चीवरून मागे वळून बसला होता. कडेवरच्या मुलांनीही मान वळवली होती. तिच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे तिच्या मांडीकडे, तिच्या उजव्या हाताकडे बघत होते.

तिने हात हळूच टॉवेलखाली घेतला.

नवरा सरळ बसला. त्याने टॉवेल बाजूला केला, तिचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा समोरच्या सीटच्या दांड्यावर नीट ठेवला.